भिंतीकडं तोंड करा

उद्यमनगरातले आकाराम मिस्त्री भट्टीला वारा देणारे ब्लोअर बनवत. आतल्या पंख्याच्या पात्यांचा बाक कुणीतरी चोरणार, असा त्यांना कायमचा संशय. म्हणून ब्लोअर सुरू करताना ते आम्हा सगळ्या कामगारांना भिंतीकडं तोंड करायला लावत आणि स्वतः पंख्याकडं पाठ करून आमच्यावर नजर ठेवत.

एकदा एका भट्टीवर बसवलेल्या नव्या ब्लोअरचा वारा अगदीच मवाळ निघाला.

“घेऊन जावा तुमचं डबडं,” भट्टीवाले म्हणाले.

“माझी पाती कुणी वाकवली रं?” मिस्त्री गुरगुरले.

वायरमन दस्तगीरनं चोरून मान वळवली. “मिस्त्री, पंख्याचं चाक उलटं फिरतंय की. वारा कुठनं लागंल?”

मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल केली, तसं चाक सुलटं फिरलं आणि भट्टी धडधडली. भट्टीवाले खूश. मिस्त्री मात्र दस्तगीरला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “सुलटं कुठलं, ते तुला कुणी दावलं?”