स्पिरिटचा कॅन

पाळकसाहेबांनी चर्चची किल्ली पॉलिशवाल्याच्या हातावर ठेवली. "सगळे बाक तुझ्या हवाली. समितीचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

दाराशी स्पिरिटचा भरलेला कॅन होता. तो दिसताच पॉलिशवाल्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याला स्वतःचाच संताप आला.

दारू सोडून वर्ष होत आलं होतं. दर गुरुवारी पाळकसाहेबांसमोर बसून मन मोकळं करायचं, शेवटी दोघांनी डोळे मिटून प्रार्थना करायची. फायदा झाला नाही असं नाही. घरातली आदळआपट थांबली होती, मुलगी पुन्हा जवळ येऊन बसत होती. पण एक गोष्ट त्याने तिथेही गिळली होती. शेवटी शेवटी तो गुत्त्यावर जातच नव्हता. पॉलिशची लाख विरघळवायला आणलेलं स्पिरिटच पाणी घालून पीत होता. म्हणून तर धंदा सोडून तो वखारीत फळ्या उचलत होता. लोकांना वाटायचं, बिचाऱ्याला काम मिळत नाही. आणि आता ही भली माणसं त्याचा धंदा त्याला परत द्यायला निघाली होती!

"नाही म्हणून सांगा ना," घरी बायको म्हणाली.

"कारण विचारतील."

"मग कारण सांगा."

"तुला सोपं आहे गं!"

"हो, मला आजवर सगळं सोपंच गेलंय," म्हणत तिने कणीक जोरात तिंबली.

चर्चमध्ये सुरुवातीला त्याने बाकांचं नुसतं जुनं पॉलिश घासून काढलं. मग घासायला काही उरेना. त्याने कापसाचा बोळा घेतला, झाकण फिरवलं. वास थेट डोक्यात गेला. त्याने प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यावरच पुढचे शब्द विसरला. मग तो कॅन उचलून तडक शेजारी पाळकसाहेबांच्या दारात गेला.

"हा घ्या तुमचा विश्वास!"

"अरे, झालं काय?"

"सोडायच्या आधी मी हे प्यायचो, साहेब. गुत्ता सुटला होता, दारू म्हणून हेच प्यायचो! प्रार्थनेने नाक बंद होतं का?"

पाळकसाहेबांनी सवयीने डोळे मिटले.

"डोळे नंतर मिटा! आधी हे उचला इथून!"

त्यांनी गडबडून कॅन उचलला, आत ठेवून कुलूप लावलं. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. "वर्षभर ऐकतोय, पण तू नेमकं काय प्यायचास, हे मी विचारलंच नाही."

"मी तरी कुठे सांगितलं?"

"आता मिटू का डोळे?"

"मिटा."

पाठ केलेलं काहीच आठवेना, म्हणून पॉलिशवाला जे तोंडात आलं ते बोलला. "देवा, मला या वासाची चीड येते आणि हावही सुटते. एकट्याने नाही जमत."

बाक नुसत्या जवसाच्या तेलाने घासायचे ठरले; त्याला स्पिरिट लागत नाही. "पण चकाकी येणार नाही. समिती नावं ठेवेल," त्याने बजावलं.

"समितीला मी बघतो." पाळकसाहेब बाह्या सरसावून स्वतः फडकं घेऊन बसले.

"उलटं घासताय, साहेब! लाकडाच्या रेषेने चला!"

"मग नीट दाखव ना!"

त्याने दाखवलं. पुन्हा दाखवलं. बाक मंदच दिसत होता. असलं निर्जीव काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. चरफडतच त्याने दुसरा बाक पुढ्यात ओढला.