ग्रंथालयात मी काका होतो

गावच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लागला तेव्हा मला पीएच.डी.ला प्रवेशसुद्धा मिळालेला नव्हता. नुसती प्रवेशपरीक्षा पास झालो होतो. पण आमच्या कडेगावकडच्या माणसांना दम म्हणून निघत नाही. पोरगं भरतीला पळायला उतरलं की इकडं गुलाल आणून ठेवतात. फ्लेक्सवर वर्दीतला माझा जुना फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून निम्म्या गावाचे चेहरे, आणि माझ्या नावाआधी हे एवढं ठळक 'डॉ.'. त्याच्या आधी 'भावी' होतं, पण ते इतकं बारीक की एसटीतल्या माणसाला दिसू नये. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातली गत. मी नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. फेटा बांधून घेतला, शाल घेतली, वर भाषणही ठोकलं.

खरी गोष्ट अशी होती की एक टप्पा अजून बाकी होता. साताऱ्याला विद्यापीठात संशोधन समितीपुढं उभं राहून आपला विषय सांगायचा, त्याचा आराखडा मांडायचा. समितीनं मान्य केला तर प्रवेश, नाहीतर घरी. आणि आराखडा म्हणजे नेमकं काय, हेच मला ठाऊक नव्हतं. फौजेत असताना मी बी.ए. केलं, एम.ए. केलं, दोन्ही बाहेरून. बराकीत बसून गाईड पाठ करायचं आणि रजा टाकून पेपर द्यायचे. इतिहासात एम.ए. झालेला माणूस, आणि ग्रंथालयात अभ्यासासाठी कधी पाय ठेवलेला नाही. हे लिहितानाही कान गरम होतात.

निवृत्त झाल्यापासून मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. जवळच खोली घेऊन एकटा राहतो. आमची मंडळी गावाकडं ऊस बघते. मुलगी त्याच विद्यापीठात एम.ए. करते, तिथल्याच मुलींच्या वसतिगृहात राहते. पहिल्या वर्षाला असताना ती एकदा डबा घेऊन कारखान्याच्या गेटवर आली आणि साहेबांची गाडी आत शिरत असतानाच 'पप्पा' म्हणून मोठ्यांदा हाक मारली. मी सॅल्यूट ठोकत होतो. गाडी गेल्यावर मी तिला बजावलं, ड्यूटीवर असताना पप्पा म्हणायचं नाही. तिनं डबा टेबलावर ठेवला, 'बरं' म्हणाली आणि गेली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शिस्त ती शिस्त.

आराखड्याचं पोरीलाच विचारावं, असं एकदा मनात आलं होतं. पण स्टँडवर डॉक्टर होऊन लटकलेल्या बापानं पोरीला काय विचारायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी, इस्त्रीचा शर्ट घालून मी एकटाच विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. काउंटरवर पाटी होती, संशोधकांना संदर्भ शोधायला मदत मिळेल, कृपया विचारा. पाटी वाचली आणि पाय जागीच थांबले. फौजेत शिकवणारे उस्ताद शेवटी विचारतात, 'कोई शक?' त्याला एकच उत्तर असतं, 'नो सर'. डोक्यात शकांचा ढीग असला तरी 'नो सर'. सगळी नोकरी तेच म्हणत काढलेली. विचारायची जीभच राहिलेली नाही. मी वळलो आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाशी जाऊन बसलो.

असं मग प्रत्येक सुट्टीला चाललं. जायचं, पाटी वाचायची, पेपर वाचायचा, परत यायचं. बाजारभावसुद्धा वाचून काढले मी.

अशाच एका दिवशी पाठीमागून करकर आवाज आला. पुस्तकांचा गाडा होता. एक चाक बिघडलेलं. ढकलणारी मुलगी निळ्या ॲप्रनमध्ये होती, खाली वाकून पुस्तकं रांगेत लावत होती. मान वर केली तर आमचीच पोरगी.

ही कमवा व शिका. आमच्या साताऱ्या-सांगलीकडं ही पद्धत नवी नाही. गरिबाघरची पोरं कॉलेजात रोज थोडा वेळ काम करतात आणि शिकतात. बागेला पाणी घाल, बाकं पूस, ग्रंथालयात पुस्तकं लाव. मी स्वतः चारचौघांत या पद्धतीचे गोडवे गायलेत, त्या सत्काराच्या भाषणातसुद्धा गायलेत. पण ते दुसऱ्यांच्या पोरांसाठी. माझी पोरगी? पेन्शन घेणाऱ्या फौजीची? गावातलं कुणी बघितलं तर काय म्हणेल, डॉक्टरसाहेबांची लेक हमाली करतेय? मी पेपर तोंडापुढं धरला आणि ती पलीकडच्या रांगेत गेल्यावर गुपचूप बाहेर पडलो. सरहद्दीवर पाठ दाखवली नाही कधी, ती तिथं दाखवली.

फोन करून तिला काही विचारलं नाही. ती बोलली नव्हती, मीही बोललो नाही.

समितीची तारीख जवळ आली. गावाकडनं फोन यायचे, 'डॉक्टर, कवा येताय मग?' मी 'बघू' म्हणून फोन ठेवायचो. विषय नामंजूर झाला तर स्टँडवरनं कोणत्या तोंडानं जायचं? शेवटी एके दिवशी पोरगी कुठं दिसत नाही हे नीट बघून घेतलं आणि काउंटरवरच्या ग्रंथपाल मॅडमपुढं जाऊन उभा राहिलो. सावधानमध्येच. त्यांनी शांतपणे विषय विचारला. मी म्हणालो, दुसरं महायुद्ध. त्यातलं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सगळं. बाई हसल्या नाहीत, त्यांचे उपकार. एवढंच म्हणाल्या की आमच्याकडची एक मुलगी यात तयार झालीय, नव्या संशोधकांना तीच शोधायला शिकवते. आणि आत बघून हाक मारली.

आतून ॲप्रनला हात पुसत माझी मुलगी आली.

मॅडम म्हणाल्या, ह्यांना जरा कॉम्प्युटरवर बसवून दाखव. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या ॲप्रनकडं बघत होतो. माझं तोंड कसं झालं असेल ते मला दिसलं नाही, तिला दिसलं. जन्मापासून वाचत आलेली ती ते तोंड. खुर्ची मागं ओढली आणि म्हणाली, "या काका, बसा इथं."

आणि मी बसलो. गेटवर माझ्या एका आवाजासरशी ट्रकवाले गाडी मागं घेतात. त्या माणसाला 'अगं, मी तुझा बाप' एवढं म्हणता आलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. लाज त्याचीच जास्त वाटते.

ती मला दाखवत गेली. देशभरातल्या विद्यापीठांतले प्रबंध घरबसल्या वाचता येतात, हे मला तिथं कळलं. जिल्ह्याच्या जुन्या नोंदी, साखर कारखान्यांचे अहवाल, दुसऱ्या विद्यापीठातनं मागवून घेता येणारी पुस्तकं, सगळं त्या एका खुर्चीवरनं. संशोधकाला शिष्यवृत्ती असते, गावोगाव फिरून मुलाखती घ्यायला मदत मिळते, हेही. माझ्या महायुद्धावर तर लोकांनी लिहून लिहून कपाटं भरलेली. मी खचलो. म्हटलं, मग आपल्यासाठी काय राहिलं?

तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "काका, तुम्ही फौजेत होता, तेव्हा घरची शेती कुणी केली?"

उत्तर तिला माहीत होतं. आईच्या मागं उसाच्या सरीतनं फिरत वाढलेली पोरगी ती. मी म्हणालो, मंडळींनी.

त्यावर कुणी लिहिलंय का बघू, असं म्हणत ती शोधत राहिली. फौजींवर होतं, उसावर होतं, कारखान्यांवर तर ढिगानं होतं. पण नवरा सरहद्दीवर आणि शेती बाईच्या अंगावर, अशा आमच्या भागातल्या घरांवर फारसं काही सापडेना. ती म्हणाली, ही जागा मोकळी दिसतेय काका, संशोधनाला अशीच जागा लागते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा पुसायचं निमित्त केलं.

मग दर सुट्टीला मी जायचो आणि तिच्याजवळ बसायचो. ग्रंथालयात काका, आणि रविवारी ती खोलीवर भाकरी करायला आली की पप्पा. आम्ही दोघांनीही त्याचा विषय काढला नाही. भाकरी वाढताना तिच्या बोटांना पुस्तकांच्या धुळीचा वास यायचा. मी खाली मान घालून जेवायचो.

गावी जाऊन मंडळींपुढं बसलो. म्हटलं, मी तिकडं असताना तू इथं पाण्याची पाळी कशी सांभाळलीस, ऊसतोडकऱ्यांशी कशी भांडलीस, सगळं सांग. ती चुलीपुढनं वळून माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "आवं, येवढी वर्सं न्हाई इचारलंत, आन् आता व्हय?" पण सांगायला लागली ती थांबेना. मला त्यातलं निम्मंसुद्धा माहीत नव्हतं. आमच्याच घरातलं.

समितीनं विषय मान्य केला. नुसता मान्य नाही, चांगला म्हणाले. एका सरांनी विचारलं, ही मोकळी जागा तुम्हाला सापडली कशी? मी म्हणालो, ग्रंथालयाची मदत झाली. कुणाची, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तिथं एक मुलगी आहे.

एक मुलगी! बाहेर आलो आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. गावाकडं फोन केला नाही. कंदी पेढे घेतले आणि तडक ग्रंथालय गाठलं.

मॅडमना पेढा दिला. त्या खुश झाल्या, तुमच्याइतकंच श्रेय त्या पोरीचं आहे, असं म्हणाल्या. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "गुणी आहे हो. वडील फौजेत लांब कुठं पोस्टिंगला असतात म्हणे. नाहीतर एकदा तरी येऊन बघितलं असतं त्यांनी, लेक काय काम करते ते."

माझ्या हातातला बॉक्स जड झाला. तिनं माझी निवृत्तीसुद्धा परत घेतली होती. बापाला लाज वाटू नये म्हणून बापालाच लांब पाठवून दिलं होतं.

तेवढ्यात करकर करत गाडा आला. ती थांबली, पेढे बघितले आणि हसली. "अभिनंदन, काका."

आता मात्र मला राहवेना. शेजारच्या टेबलावरची पोरं वर बघतील इतक्या मोठ्यानं मी म्हणालो, "काका काय म्हणतेस? पप्पा म्हण. मॅडम, मी हिचा बाप आहे."

मॅडमचा पेढ्याचा हात तसाच राहिला. पोरगी दचकली नाही. तिनं बॉक्समधला एक पेढा उचलला, ॲप्रनच्या खिशात ठेवला आणि म्हणाली, "ड्यूटीवर पप्पा म्हणायचं न्हाई. तुमीच सांगितलंय की."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी शिकवलेलं तिनं तसंच्या तसं म्हणून दाखवलं. मग गाडा ढकलत ती आतल्या रांगेत गेली, आणि मी पेढे घेऊन काउंटरपाशी उभा राहिलो, तिची ड्यूटी संपेपर्यंत.