चिमणाबाईच्या गिऱ्हाइकांची कुत्री

दुकानाच्या पुढच्या बाजूला चिमणाबाईचा मुलगा दादासो मटण तोडायचा आणि मागच्या दाराशी चिमणाबाई बोकडाच्या पोटातलं विकायची. वजडी, आतडी, फुप्फुस, रक्ती म्हणजे थिजवलेलं रक्त. कोल्हापुरात मटण घेणारा माणूस छाती काढून येतो आणि मांडी दे, चाप दे, असं अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं सांगतो. मागच्या दाराला येणारा मात्र आधी दोन्हीकडं बघायचा आणि मग घसा खाकरून म्हणायचा, "अर्धा किलो वजडी द्या. कुत्र्यासाठी पायजे हुती."

चिमणाबाईच्या अंदाजानं गावातल्या झाडून सगळ्या अब्रूदार माणसांच्या घरी कुत्री होती. डॉक्टरांकडं होतं, हेडमास्तरांकडं होतं. ज्या सोसायटीत कुत्रं पाळायला बंदी होती, तिच्या सेक्रेटरीकडंही होतं. आणि कुत्री तरी काय एकेक संस्कारी. सोमवारी तोंड लावायची नाहीत, गुरुवारी लावायची नाहीत, श्रावण तर इतका कडक पाळायची की माणसांनी लाजावं. कुणाच्या कुत्र्याला आतडी बारीक चिरून लागायची, कुणाच्या कुत्र्याला वर मूठभर कोथिंबीर. चिमणाबाई हसू दाबून मान डोलवायची आणि काळ्या पिशवीत बांधून द्यायची.

या सगळ्या कुत्र्यांत मानाचं कुत्रं म्हणजे सुलतान. त्याचे मालक विजयसिंहराव, एका पतसंस्थेचे चेअरमन. पांढरीशुभ्र कापडं, बोटात अंगठ्या, बोलणं सभेत बोलल्यासारखं. दर रविवारी ते गाडी कोपऱ्यावर सोडून एकटेच चालत यायचे. ड्रायव्हरला पाठवायचे नाहीत, कारण म्हणे सुलतानला दुसऱ्या कुणी आणलेलं चालत नाही.

"कसा हाय सुलतान?" चिमणाबाई विचारायची.

"जरा अशक्तपणा हाय. आज रक्ती जास्त घाल."

चिमणाबाई कोडोलीहून लग्न होऊन आली, तेव्हा सासूनं हळद उतरायच्या आत तिला वजडीच्या घमेल्यापुढं बसवलं होतं. गरम पाण्यात बुडवायची, चुना चोळायचा आणि वरची काळी साल सुटून आतली पांढरी जाळी दिसेपर्यंत खरवडत राहायचं. पहिल्या दिवशी तिला उलटी झाली. पुढं नवरा गेला, पोरं लहान, आणि दुकानातलं चांगलं मटण गिऱ्हाइकाला द्यायचं म्हटल्यावर घरच्यांच्या ताटात उरायचं ते पोटातलंच. त्यावरच तिनं पोरं वाढवली. दादासोचे दंड बघून तालमीतली पोरं अजून विचारतात की दादा, कुठल्या डब्यातली पावडर खाता. कलेजीला समाजात मान आहे, ती ताटात मिरवते. वजडी त्याच बोकडाची, कलेजीच्या शेजारीच राहिलेली, पण तिनं असं काय पाप केलंय हे चिमणाबाईला कधी कळलं नाही.

इतकी वर्षं तिला गिऱ्हाइकांच्या या कुत्र्यांची गंमत वाटायची. मग एका दुपारी नात राजनंदिनीनं ताट पुढं ढकललं. "आज्जी, मी कुत्र्याचं खात न्हाय."

"कुणी सांगितलं तुला, कुत्र्याचं हाय म्हणून?"

"दुकानात सगळी तसंच म्हणत्यात की. तू बी व्हय म्हणतीस."

चिमणाबाईनं हातातला घास खाली ठेवला. ज्या अन्नावर आपलं घर उभं राहिलं, त्याला रोज चार लोक कुत्र्याचं म्हणतात आणि आपण त्यावर मान डोलवून पिशवी बांधतो, याची तिला मनापासून लाज वाटली. रागही आला, आणि तो आला की चिमणाबाई कुणाच्या बापाला ऐकत नसे. दुसऱ्या दिवशी मागच्या दारावर पाटी लागली: इथला माल माणसांसाठी आहे. कुत्र्यासाठी मागू नये.

आठवड्याभरात कोल्हापुरातली कुत्री शाकाहारी झाली. डॉक्टर पलीकडच्या फुटपाथनं जायला लागले. सेक्रेटरी तर पाटी वाचून असा दचकला की पुढच्या बाजूला जाऊन नको असलेला खिमा घेऊन गेला. विजयसिंहरावांची गाडी कोपऱ्यावर थांबायची आणि तशीच निघून जायची.

सून मोनानं अन्नप्रक्रियेचा कोर्स केला होता. ती म्हणाली, "आत्ती, ओलं बघून लोक बिचकत्यात. आपण वाळवून चटणी करूया." मग दोघींनी वजडी, फुप्फुस आणि रक्ती हळद-मीठ लावून शिजवली, यंत्रात कडक वाळवली आणि लसूण, खोबरं, लाल मिरची घालून कुटली. घरात असा वास सुटला की शेजारची धोंडुबाई भाकरी घेऊनच आली. मोनानं पाकिटावर "भरपूर प्रथिनं" असं छापलं. खाली "बोकडाची वजडी, फुप्फुस, रक्ती" हे चिमणाबाईनं ठळक अक्षरात छापून घेतलं.

बचत गटांच्या प्रदर्शनात त्यांनी स्टॉल लावला. चव बघायला ज्वारीची भाकरी ठेवली. लोक यायचे, चाटायचे, डोळे मिटायचे, पुन्हा हात पुढं करायचे. मग पाकीट वाचायचे आणि हात मागं घ्यायचे. चक्कर मारून परत यायचे आणि हळूच म्हणायचे, "दोन पाकिटं द्या. कुत्र्यासाठी."

"न्हाय द्यायची. तिखट हाय, कुत्रं बोंबलंल." चिमणाबाई पाकीट हातातून काढून घ्यायची.

मोना रडकुंडीला आली. "आत्ती, पाकिटावर कुत्र्याचं चित्र टाकूया. एका दिवसात सगळा माल खपंल."

"माल सडला तरी चालंल. एक माणूस तरी उघड म्हणू दे, मी खातो म्हणून. मग तू काय बी छाप."

शेवटच्या दिवशी बक्षीस वाटायला पाहुणे आले ते विजयसिंहराव. सोबत पत्नी संयोगिता, मागं फोटोवाले. एकेक स्टॉल करत ते चिमणाबाईपुढं पोचले आणि जरा चपापले. पण फोटोवाले होते, घास घ्यावा लागला. मग दुसरा घेतला. तिसरा घेताना फोटोवाल्यांची आठवण राहिली नव्हती. बोटं चाटून ते पुढं वाकले आणि पुटपुटले, "चार पाकिटं बाजूला काढ. सुलतानसाठी."

चिमणाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "कुत्र्यासाठी मी देत न्हाय, साहेब. माणसाला पायजे असंल तर सांगा."

संयोगिता वळल्या. "कुत्र्यासाठी? आमच्यात कुठलं कुत्रं? मला कुत्र्यानं शिंका येत्यात, आम्ही कधी पाळलंच न्हाय."

स्टॉलभोवतीची सगळी माणसं पुढं सरकली. त्या गर्दीत डॉक्टरही होते आणि ते बुटाकडं बघत होते. विजयसिंहरावांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, पुन्हा खिशात घातला. सभेतला आवाज कुठं गेला कुणास ठाऊक.

"सुलतान म्हणजे मीच," ते म्हणाले. "मळ्यावर शिजवून घेतो आणि एकटाच खातो. आई करायची लहानपणी. बंगला बांधल्यापासनं घरात मागायची लाज वाटाय लागली."

या माणसाला सुनवायला चिमणाबाईनं मनात काय काय साठवून ठेवलं होतं. त्यातला एकही शब्द तिला बोलवेना. डोळे भरून आले. तिनं आपलं स्टूल पदरानं पुसून त्यांच्यापुढं ठेवलं, अख्खी भाकरी घेतली, वर मुठीनं चटणी घातली.

"उभ्यानं नका खाऊ," ती म्हणाली. "बसा."

पांढऱ्या कापडातले विजयसिंहराव सगळ्यांच्या देखत बसले आणि जेवायला लागले. संयोगितांनी थोडा वेळ बघितलं, मग त्यांच्या भाकरीचा एक तुकडा मोडून घेतला.