बाईजाचा पट्टा

मला लिहिण्याची सवय नाही. भातसानगरला नोकरीत असताना धरणाच्या पाण्याची पातळी रोज वहीत उतरवायचो, तेवढंच माझं लेखन. हे जमलं नाही तर वाचणाऱ्यांनी सोडून द्यावं. पण बाईजाबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं वाटतं, आणि तिला विचारूनच लिहितो आहे.

निवृत्तीनंतर मी शेणव्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी दहा गुंठे जागा घेतली. एका कोपऱ्यात दोन खोल्या बांधल्या, बाकी जागा तशीच सोडली. चार पावसाळ्यांत तिथे कमरेएवढं गवत आणि घाणेरीची झुडपं माजली. मला ते हिरवं रान आवडायचं. उन्हाळ्यात तेच वाळून सरपण होतं, आणि कुंपणापलीकडे सात पावलांवर बाईजाचं घर आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बाईजा पन्नाशीच्या पुढची, अंगाने काटकुळी. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी काजल लग्न होऊन मुरबाडकडे गेली. घर विटांचं, पण पुढची पडवी आणि गोठा कारवीच्या काटक्या लिंपून केलेल्या कुडाचा, वर पेंढा. घरामागे आंब्याची बावीस कलमं. विहिरीवरून हंड्याने पाणी आणून तिने ती जगवली आहेत.

गेल्या वर्षी जानेवारीत ती कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"भाऊ, वणवा अडवायला तुमच्या गवतात दहा पावलांचा पट्टा मारू का? माझ्या बाजूचा मी दरवर्सी मारतेच. कापलेलं मी राबाला नेईन."

भाताचं रोप टाकायच्या जागेवर आमच्याकडे गवत, पाला, शेण पसरून जमीन भाजतात, तो राब. तिला गवत मिळालं असतं आणि माझी जागा साफ झाली असती. तरी मी म्हणालो, "बघू, पुढच्या आठवड्यात."

खरी गोष्ट अशी की कल्याणला कामाला जाणाऱ्या इंद्रजीत नावाच्या शेजाऱ्याने मला बजावलं होतं, "काका, कुणाला आत घेऊ नका. आज गवत कापतील, उद्या जागा आमची म्हणतील." मी मुळात भित्रा. नाही म्हणायचं धाडस नव्हतं आणि हो म्हणायचंही.

ती पुढच्या आठवड्यात आली. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "भाऊ, तुमचा आठवडा किती दिसांचा असतो?"

मी वरमलो. म्हणालो, "पण एवढी घाई कसली? वणवा काय दरवर्षी येतो?"

ती दगडावर बसली.

"पंधरा वर्सं झाली," ती म्हणाली. "आमचं घर तवा सगळंच कुडाचं होतं. मी मोहाखालचा पाला जाळला."

मोहाची फुलं पहाटे गळतात. पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून वेचणी सुरू व्हायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवून जमीन मोकळी करतात. सगळेच करतात. बाईजाने केलं आणि आग विझली असं समजून ती पाण्याला गेली. परत आली तेव्हा घर जळत होतं. कणगीतलं बियाण्याचं भातसुद्धा गेलं.

"लोक म्हनले, डोंगरावरनं वणवा आला. मी पण तसंच म्हनले. नवरा मरेपर्यंत तेच समजत होता."

मी उठलो आणि कुंपणाची तार सोडली.

आम्ही नऊ दिवस कापत होतो. म्हणजे ती कापत होती, मी भारे बांधत होतो. तिचा दीर मंगळू बांधावर बसून म्हणायचा, "वयनी, रानाला भांग पाडतीस का गो?" ती कापत राहायची. घाणेरी तिने मुळासकट उपटली. लाल माती दिसेपर्यंत पट्टा खरवडला. वनखात्याची माणसं याला जाळरेषा म्हणतात.

मार्चमध्ये एका दुपारी डोंगराच्या उतारावर धूर दिसला. वारा आमच्याकडे होता. बघता बघता माझ्या जागेतलं उरलेलं गवत तडतडू लागलं. मी बादली घेऊन नुसता उभा राहिलो. बाईजा करंजाची ओली डहाळी घेऊन पट्ट्यावर गेली. जाळ पट्ट्याशी आला, तिथे त्याला खायला काही मिळेना, आणि तो खाली बसू लागला. एक ठिणगी उडून गोठ्याच्या पेंढ्यावर पडली. तिने ओरडून मला सांगितलं तेव्हा कुठे माझे हात हलले. दोन बादल्यांत ती विझली. तिचं घर राहिलं, पट्ट्याअलीकडच्या माझ्या दोन खोल्याही. कडेची दोन कलमं होरपळली, वीस राहिली.

दिवे लागायच्या वेळी मंगळू आला. मी बाईजाच्या पडवीत चहा पीत होतो. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वयनी, आज मोहाखाली मीच पेटवलं होतं."

मला वाटलं, आता ती त्याला फाडून खाणार. तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"बस. पंधरा वर्सांमागं आपलं घर जळलं ना, ती आग डोंगरावरची नव्हती. माझी होती."

मंगळू खाली बसला. पाणी पिऊन म्हणाला, "दादाला म्हायीत होतं?"

"नाय."

"म्हणून तू दरवर्सी एकटीच कापतीस?"

"हां. आन् तू बांधावर बसून हसतोस."

तो हसला नाही. तीही नाही. पण त्या रात्री तो तिच्याकडेच जेवला.

यंदा पौष संपताच मंगळू स्वतः घरोघर फिरला. आपल्या हातून काय झालं ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आठ घरची माणसं विळे घेऊन आली. माझ्या कुंपणाची तार आता दोन्ही बाजूंनी सोडलेली असते. जागेवर कुणी हक्क सांगितलेला नाही, उलट भारे नीट बांधत नाही म्हणून मला बोलणी बसतात. पट्टा नाल्यापर्यंत गेला. मोहाखाली लोक खराट्याने झाडतात. कंबर मोडते अशी तक्रार मंगळूच जास्त करतो.

मागच्या आठवड्यात, ऐन उन्हाळ्यात, बाईजा पिशवी घेऊन दारात आली. काजलला मुलगी झाली आहे. घर जळाल्यापासून सोळा वर्षांत उन्हाळ्याच्या दिवसांत तिने एक रात्रही घर सोडलं नव्हतं.

"पंधरा दिस ऱ्हाते लेकीकडं," ती म्हणाली, आणि मागे न बघता रस्त्याकडे चालू लागली.