मधमाश्यांचं तिसरं प्रकरण

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत विद्वान म्हणून मीच प्रसिद्ध. त्यामुळे पाय मोडून पडलेल्या शेजारच्या काकूंनी पुस्तकं सुचवायला मलाच सांगितलं. एक खुनाची कादंबरी, एक प्रेमकथा, एक मेंदूवरचं आणि एक मधमाश्यांवरचं, अशी चार पुस्तकं मी त्यांना नेऊन दिली. प्रत्येकावर भाषणही ठोकलं. स्वतः वाचली होती फक्त मलपृष्ठं.

आठवड्यात काकूंनी चारही संपवली.

"मधमाश्यांचं तिसरं प्रकरण कसं वाटलं रं तुला?" त्यांनी विचारलं.

"अप्रतिम! लेखकानं जीव ओतलाय त्यात."

"व्हय? ती सगळी पानं कोरीच हायत की. छापायची राहिलीत."

मी मान खाली घालून चहा प्यायलो. आता काकूच मला पुस्तकं सुचवतात आणि दर रविवारी तोंडी परीक्षा घेतात. परवा मी काठावर पास झालो.