मेंढरांत शिरलेली सायकल

चाळिसावं गाव झालं त्या दिवशी माझं देवाशी कडाक्याचं भांडण झालं. भांडण कसलं, मीच बोलत होते, तो आपला नेहमीसारखा गप्प. "सिद्धरामा," म्हटलं, "बारा दिवस पायडल मारतेय, गुडघे बोंबलतायत, आणि माझ्यासमोर तोंड उघडायला एक माणूस तयार नाही. एखादी खूण तरी दाखव, नाहीतर उद्या मी घरी चालले. तुझं तू बघ."

थोडं मागचं सांगायला हवं. मी सोलापूरची. आमचं किराणा दुकान आहे, आणि घर पिढ्यान् पिढ्या शिवभक्तांचं. आईचं बघून लहानपणीच मला मिश्रीची सवय लागली. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच, पण आम्हा बायकांना ते व्यसन वाटतच नाही, दात घासणं वाटतं. तीन वर्षांपूर्वी गालाच्या आत पांढरा चट्टा आला. सहा महिने मी तो लपवला. कुणाला शंका आली की "हो हो, दाखवते की डॉक्टरांना" म्हणायचं आणि मसाला कांडायला बसायचं, हा माझा उद्योग. शेवटी कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, वाचले. आता तोंड दोन बोटं उघडतं, तिखट सोसत नाही, कडक चावत नाही, शब्द जरा जाड येतात. "तोंड कमी उघडतंय, पण बोलणं काही कमी झालं नाही," असं आमचे हे दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी नवस बोलले होते. सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं आहेत, त्यांची प्रदक्षिणा मी दर वर्षी करते. म्हटलं, जगले तर जिल्ह्यालाच प्रदक्षिणा घालीन. एकटीनं, सायकलवर, मध्ये घरी न परतता सलग अडुसष्ट गावं. आणि प्रत्येक गावात थांबून सांगीन की बाबांनो, तोंडातला चट्टा लपवू नका. शाळेच्या वयात चालवलेली सायकल छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा हातात घेतली. हे म्हणाले, "अगं, रिक्षानं फिर की." मी ऐकते होय! दिवाळी झाली आणि कपाळाला विभूती, डोक्यावर हेल्मेट, हँडलला "तोंड उघडा, डॉक्टरांना दाखवा" अशी पाटी लावून मी मंद्रूपच्या रस्त्याला लागले.

माणसं फार प्रेमानं वागली, खोटं कशाला बोलू. शाळांतून टाळ्या, देवळापुढे नारळ, खांद्यावर शाल. पण एका गावात तर ज्या गृहस्थांनी शाल घातली, त्यांनीच फोटो झाल्या झाल्या खिशातून पुडी काढली आणि माझं कौतुक करत करत तळहातावर तंबाखू मळायला घेतली! मी तरी काय वेगळं करत होते? तिसाव्या गावानंतर माझं लक्ष माणसांच्या चेहऱ्यावर राहिलं नव्हतं. भाषण, फोटो, वहीत नाव, की पुढचं गाव. नवस पुरा व्हायला हवा होता, कारण आत एक भीती बसलेली होती. नवस मोडला आणि दुखणं परत आलं तर?

तर मी खूण मागितली, आणि पाच मिनिटांत ती आलीसुद्धा. दोन होत्या आणि दोन्ही भुंकत होत्या. माळशिरसच्या अलीकडे मोकळ्या माळावरून दोन दांडगी कुत्री अशी सुटली की मी "अगं आई गं" करत रस्ता सोडला आणि उतारावरून सायकलसकट थेट मेंढरांच्या कळपात शिरले. मेंढरं चहूकडे पांगली, मी मात्र त्यातल्या एका जाडजूड मेंढरावर आडवी झाले, म्हणून हाड शाबूत राहिलं.

"हाड्! हाड् की मेल्यांनो!" एक बाई काठी घेऊन पळत आली. "लई लागलं का वो आक्का? भिऊ नगासा, चावत न्हाईत ती. खंडोबाची कुत्री हायती."

मी सिद्धरामाकडे मागितलं होतं, खंडोबाकडे नाही, असं सांगणार होते, पण तोंडात लोकर गेली होती.

तिचं नाव हिराबाई. चाळिशीची असेल. हाताला धरून तिनं मला वस्तीवर नेलं. वस्ती म्हणजे लिंबाच्या झाडाखाली एकच कुडाचं घर, आणि दारात सगळी बांधाबांध चाललेली. आठ दिवसांनी ती आणि तिचे मालक मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मुलखाला निघणार होते, ते थेट पावसाळ्याच्या तोंडाला माघारी. बोलता बोलता तिनं चुलीपुढे पाट टाकला आणि माझ्यासमोर वाटी ठेवली. दुधात भिजवून, अगदी बारीक कुस्करलेली भाकरी. वर एक इवलासा चमचा. "खावा. निवलंय," म्हणाली.

आतापर्यंत घरोघरी मला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली जायची. मग मी तोंडाचं सांगायचं, त्यांनी चुकचुकायचं, दुधासाठी धावाधाव करायची. इथे कुणी काही विचारलंच नव्हतं. पहिला चमचा मी खुशीत खाल्ला. दुसरा हातातच राहिला. भाकरी किती बारीक हवी, दूध किती निवायला हवं, मोठा चमचा तोंडात जातच नाही, हे सगळं शिकायला आमच्या घराला महिने लागले होते. या बाईला ते एका नजरेत कसं कळलं? घरात कुणी तान्हं नव्हतं, म्हातारं नव्हतं. आणि चुलीच्या पलीकडे तिची स्वतःची वाटी होती, त्यातही तेच.

"किती दिवस झाले गं?" मी विचारलं.

"कशाला?" तिनं पदर तोंडावर ओढला आणि चुलीत काटकी सारायला लागली.

बारा दिवस पाठ झालेलं भाषण एका शब्दानंही मदतीला येईना. मग मी मोबाईलची बॅटरी लावून तिच्या हातात दिली, हेल्मेट काढलं आणि उघडतं तेवढं तोंड उघडलं. "आधी माझं बघ," म्हटलं. चाळीस गावांत मी लोकांना तोंड उघडा म्हणत फिरले, पण माझं स्वतःचं कुणाला उघडून दाखवलं नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काय.

तिनं बराच वेळ आत पाहिलं. टाके, खड्डा, सगळं. "आई गं," एवढंच म्हणाली. आणि मग पदर बाजूला करून तिनं आपलं तोंड उघडलं. डाव्या गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा होता. तीही मिश्री लावायची. चार महिने झाले होते, आणि तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मेंढरामागं बाई लागतीच की, आक्का. मी बसले तर समदं बसलं. पावसाळ्यात माघारी आल्याव दावते डाक्टरला. व्हय व्हय, दावते."

ते "व्हय व्हय" माझ्या काळजात गेलं. हे माझंच "हो हो" होतं. तोवर उशीर होणार, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. पण चार वाजता पुढच्या गावात शाळेतली मुलं माझी वाट पाहत उभी राहणार होती, अठ्ठावीस गावं उरली होती, आणि ती भीती मान वर काढून बसली होती. चिठ्ठीवर फोन नंबर लिहून द्यावा आणि निघावं, असं मनात आलं. आलं, हे कबूल करते.

मी ह्यांना फोन लावला. "नवस मोडतोय हो," म्हटलं आणि रडायलाच लागले. सगळं ऐकून हे म्हणाले, "तुला वाचवलं ते काय गावं मोजून घ्यायला? घेऊन ये तिला. दुधाची पिशवी जास्तीची आणतो." पुढच्या गावच्या गुरुजींना मी येत नाही म्हणून कळवलं आणि तिथेच मुक्काम केला.

संध्याकाळी तिचे मालक आले. मीच त्यांना सगळं सांगितलं. ते उंबऱ्यावर खाली मान घालून बसले. "मला दिसत हुतं," म्हणाले. "ताटात भाकरी उरायची तिच्या. पर इचारायचं भ्या वाटत हुतं." मग डोळे पुसून तिला म्हणाले, "तू जा. मेंढराबरुबर माजी भावजय येती. मेंढरं काय, फुडल्या साली बी हायतीच की."

दुसऱ्या दिवशी सायकल लिंबाला बांधून आम्ही दोघी एसटीनं सोलापूरला आलो. तपासणी झाली. कॅन्सरच होता, पण गालापुरता. मानेत उतरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "आठ महिन्यांनी आला असता तर मला काही करता आलं नसतं." ऑपरेशन नीट पार पडलं.

तिला दवाखान्यातून घरी सोडल्यावर पहिल्या सोमवारी आम्ही दोघी तळ्यातल्या सिद्धरामाच्या देवळात गेलो. मी जन्मभर तिथे काहीतरी मागायला जाते आणि बदल्यात काहीतरी कबूल करून येते. नवस मोडल्याची क्षमा मागायची म्हणून वाटेत शब्द जुळवत होते. पण समोर बसल्यावर एकही शब्द लागला नाही. दुखणं परत येईल का, मला ठाऊक नाही. आलं तर सिद्धरामाला सांगेन आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाईन. एवढी वर्षं मी याच्याशी घासाघीस करत होते, आणि तो बापडा माझ्या हिशेबाबाहेरच उभा होता. माझं मलाच हसू आलं.

हिराबाईला अजून बोलायची मनाई होती. तिनं कनवटीची छोटी पिशवी सोडली, चिमूटभर खंडोबाचा भंडारा काढला आणि माझ्या कपाळावरच्या विभूतीवर, मधोमध, अंगठ्यानं दाबून लावला. मग माझा हात धरून ती तशीच बसून राहिली. त्या दिवशी मी देवाकडे काही मागितलं नाही, आणि त्याला काही कबूलही केलं नाही.