मुदतीवरच्या दादी

दिवस चेटीचंडचा, म्हणजे सिंधी नववर्षाचा. दुपार. ठिकाण कोपरी, आमच्याच इमारतीचा तळमजला. हजर: दादी, त्यांचे चुलत दीर, जाऊ, पुतणसून आणि सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी.

दादी ताटात गोड भात वाढता वाढता ओळख करून देत होत्या. पळी रोखूनच.

"हे दीर घटनेचे नागरिक. फाळणीत आईच्या कडेवर बसून आले. ही जाऊ कल्याण कॅम्पात जन्मली, ती जन्माची. ही सून तिकडून लग्न करून आली, ती नोंदणीची." मग स्वतःच्या ताटात भात घेत म्हणाल्या, "आणि मी मुदतीवरची."

"जेवू दे गं त्यांना," दीर म्हणाले. "दरवर्षी तेच!"

सिंधीत थोरल्या बहिणीला दादी म्हणतात. आमच्याकडे त्या सगळ्यांच्याच दादी. नवऱ्याबरोबर सिंधहून व्हिसावर आल्या, नवरा इथेच गेला. व्हिसाची मुदत वाढत राहिली आणि नागरिकत्वाचा अर्ज पडून राहिला. आधी कागद दिल्लीला जायचे, नंतर ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार मिळाले. अटी बदलल्या की दादी मला बोलवून घ्यायच्या. मी वाचायचे, त्या भाजी निवडत ऐकायच्या.

ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जायचं तर परवानगी लागे. सोसायटीची सहल खडवलीला, नदीवर निघाली तेव्हा त्या आणि मी पोलीस ठाण्यात गेलो.

हवालदार हसला. "आजी, खडवली म्हणजे काय परदेश आहे का? जा बिनधास्त."

"लिहून दे."

"एवढ्यासाठी काय लिहायचं?"

"मग नाही जात."

आणि गेल्या नाहीत. आमच्यासाठी पहाटे उठून कांदा घातलेल्या जाड कोक्या मात्र लाटल्या. नदीकाठी आम्ही त्या खाल्ल्या. सहल चांगली झाली, अशी नोंद आहे.

सिंधमधली धाकटी बहीण आजारी पडली तेव्हा मी म्हटलं, "दादी, एकदा जाऊन या."

"सेक्रेटरीबाई, तूच वाचलंस ना? अर्जाआधी इथे सलग राहिलेलं हवं. आता गेले तर मीटर परत शून्यावर."

"पण बहीण आहे."

"ती पण तेच म्हणते. म्हणते, येऊ नकोस, आपल्यातली एक तरी कुठेतरी पक्की होऊ दे."

बहीण गेली ती त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आल्या. डोळे सुजलेले. विचारलं, "टाकी कधी धुणार? पाण्याला वास येतो." मी तारीख सांगितली. त्या जिना उतरून गेल्या.

प्रमाणपत्र त्यानंतर आलं. शपथेला मी बरोबर होते. दादींनी शपथ खणखणीत वाचली. साहेबांनी अभिनंदन केलं, तर म्हणाल्या, "आता खडवलीला जाऊ ना?" साहेबांना काही कळलं नाही. आम्ही पुढच्याच रविवारी गेलो. दादी पाण्यात पाय सोडून बसल्या आणि पंधरा मिनिटांत कंटाळल्या. "एवढंच होतं होय?"

निवडणुकीत त्यांनी मत दिलं. रांगेत सगळ्यांच्या आधी जाऊन उभ्या. आल्यावर शाईचं बोट वॉचमनला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, मलाही दाखवलं.

"कोणाला दिलं?" मी विचारलं.

"ते सांगायचं नसतं. कायदा आहे."

थंडीत गेल्या. झोपेतच.

मागची कामं दिरांनी माझ्यावर सोपवली. गॅसजोडणी बंद केली. बँक झाली. रेशनकार्ड झालं. घराची चावी पुतणसुनेकडे दिली.

मतदारयादीचं काम बघणारे शाळेतले गुरुजी दोनदा येऊन गेले. नाव वगळायचा अर्ज त्यांनीच भरून आणला आहे. माझी फक्त सही हवी. "मॅडम, एका मिनिटाचं काम आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात या. दोन्ही वेळा तेच म्हटलं. तेवढं काम बाकी आहे.